मोरीवाला

बाबांना त्याचं नाव कधी धड घेता आलं नाही.
डब्यांवर लिहिलेलं असायचं, मोरिवाकी.
बाबा म्हणायचे मोरीवाला,
आणि पुढे पिंपळखुट्यात तेच नाव पडलं.

जत्रेतली तंबूची टॉकीज मोडीत गेल्यावर
शालिक भोयर, ऑपरेटर,
आर्वीच्या एका प्राध्यापकांसाठी मशीन चालवायचे.
महिन्यातून एक रात्र, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात,
पंधरा रुपये आणि चहा.
तिथे तो आला
सहा पत्र्याच्या डब्यांतून, पुलगावहून छोट्या गाडीनं.

शेडात रुईचे तंतू अजून उडत होते.
झोतात आले की पडद्यावर बर्फ पडायचा,
तिकडे उन्हाळा असला तरी.

पंधरा मिनिटांत लोक ओरडले,
"अबे शालिक, मशीन अटकली का?
फोटो हालून नाही रायला!"
हलत नव्हताच.
एक खोली, एक दार, दारापलीकडे दुसरं दार,
दोरीवर ओला सदरा.
बाप बोलतो. लेक बोलते. रडत कुणीच नाही.
दूरवर आगगाडी जाते.
पुन्हा तोच सदरा,
आता वाळलेला.

बाबांनी मान वाकडी करून पाहिलं,
मग मशीनपाशी खालीच बसले, मांडी घालून.
"हा मानूस उभा राहून पायतच नाही वो पोरी.
तुही माय मोरीपाशी बसून भांडे घासते,
तिले जेवढं घर दिसते
तेवढंच पायते हा."

प्राध्यापक सांगायचे त्याच्याबद्दल, बशीत फुंकर मारत:
सगळ्यांचे सिनेमे बोलायला लागले,
हा आणखी पाच वर्षं मुकाच.
रंगही त्यानं सगळ्यांच्या शेवटी घेतले,
आणि घेतले म्हणजे काय,
कोपऱ्यात एक लाल छत्री.
आधी शाळा बुडवणाऱ्या पोरांच्या गमती. मग लढाई.
लढाईनंतर मरेपर्यंत एकच गोष्ट, नावं बदलून:
लेकीचं लग्न जमतं, घर रिकामं होतं.
लग्न मात्र दाखवत नाही.
"काहून नाही दाखवत?" बाबांनी विचारलं.
प्राध्यापकांनी चहा संपवला.

एकदा दुसऱ्या डब्याच्या जागी चौथा लागला.
लेक सासरी गेली, आणि मग बाप तिच्यासाठी स्थळ पाहू लागला.
शेडात कुणाला कळलं नाही.
बाबांना कळलं. त्यांनी मशीन थांबवली नाही.

माझं लग्न शहाण्णव सालचं.
कॅमेरा वर्ध्याहून भाड्यानं,
शूटिंग बाबांचं.
दोन विटा, विटांवर पाट, पाटावर कॅमेरा,
आणि त्याला पुन्हा हात लावला नाही.
व्याह्यांनी कॅसेट पाहिली
आणि दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.
नवरदेवाचे नुसते बूट होते.
मामांचं धोतर. पंगतीत वाढणाऱ्यांच्या पोटऱ्या.
कढईखालचं लाकूड, अर्धा तास.
मी कुठेच नव्हते, एकदा हिरवा पदर सोडला तर.

परवा लेकीनं ती कॅसेट फोनवर उतरवून दिली.
एवढ्या वर्षांत शेवटपर्यंत कुणी पाहिलीच नव्हती.
वरात गेल्यावरही कॅमेरा चालूच आहे.
मांडव. एक बकरी येते, पत्रावळीचा वास घेते, जाते.
पाण्याच्या ड्रमची तोटी टपकते.
मग बाबा येतात.
मोठी सतरंजी आहे, शाळेतून आणलेली,
परत द्यायची.
एक टोक उचलून उभे राहतात.
सतरंजीला दोन माणसं लागतात.
आईकडे बघतात बहुतेक, ती चौकटीत नाही.
बराच वेळ तसेच,
टोक हातात.

मग ते टोक खाली ठेवून
सरळ माझ्याकडे चालत येतात,
गुडघ्यांपर्यंत, नुसत्या पावलांपर्यंत,
आणि पाटाखालची एक वीट काढून घेतात,
त्या टोकावर ठेवायला.

फोटो हालतो.
मांडव आडवा होतो, पुढचं सगळं तिरपं,
अर्धं आभाळ, सतरंजीची कड,
आणि एकट्यानं घडी घालत
उतरणीवरून चालल्यासारखी
बाबांची पावलं.